लिंबू लावल्यावर

थोरलीचं पोट डागांवर चालत असे. लाँड्रीच्या मागच्या खोलीत खिडकीला लागून एक लांब टेबल होतं, त्याला सगळे डागांचं टेबल म्हणत. आलेला कपडा त्या टेबलावर तिच्या हाताखालून गेल्याशिवाय मालक यंत्रात टाकू देत नसत. तेलाच्या डागावर खडूची पूड, गंजावर लिंबू आणि मीठ, रक्तावर गार पाणी, गरम चुकूनही नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कपडे बिघडवत बिघडवत ती शिकली होती आणि त्या कपड्यांपायी बोलणीही तिनेच खाल्ली होती.

घरी आल्यावर त्याच डोक्याने ती बायकांच्या तोंडांकडे बघायची. खडूची पूड कापडातलं तेल ओढून घेते, मग मक्याचं पीठ केसांतलं तेल का नाही ओढणार? तेव्हा केस धुवायला वेळ नसला की मक्याचं पीठ भुरभुरायचं आणि विंचरून काढायचं. डोळ्यांवरची रेघ वाकडी जाते ना, मग चमच्याची कड टेकवून ओढायची. तोच चमचा गरम पाण्यात बुडवून, पुसून, पापण्यांखाली क्षणभर धरला की पापण्या शहाण्यासारख्या वर वळून बसतात. डोळे सुजले की फ्रीजमधले चमचे. गालांना बिटाचं पाणी. संपत आलेल्या लिपस्टिकचं बूड काडीने कोरून, मेणात वितळवून, पुन्हा डबीत.

"या घरातले चमचे खायला कमी आणि तोंडाला जास्त लागतात," असं सासूबाई म्हणायच्या, आणि सूप पिण्याआधी चमचा हुंगून बघायच्या.

या युक्त्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नवी. नवी ही थोरलीची धाकटी जाऊ. तिला घरात येऊन इतकी वर्षं झाली होती की तिच्याबरोबर आलेल्या कपाटाची दारंसुद्धा आता करकरायला लागली होती. पण पहिल्या दिवशी सासूबाईंनी तिला नवी म्हटलं ते म्हटलं. सकाळी ती वाचनालयाच्या टेबलाशी बसायची, दुपारी घरी. दिसायला देखणी, बोलायला गोड, आणि स्वस्थ बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. थोरलीच्या युक्त्यांचे छोटे छोटे व्हिडिओ करून फोनवरून जगाला दाखवायची कल्पना तिचीच.

"ताई, हात तेवढे येऊ द्या. तुम्ही जरा मागे सरका," ती म्हणायची.

थोरली मागे सरकायची. चित्रात नवीचं तोंड, थोरलीचे हात, आणि वर नवीचा आवाज: माझी आजची युक्ती. पहिल्यांदा थोरलीला त्यात काही वावगं वाटलं नाही. बोलते ती, म्हणजे 'माझी' म्हणणारही तीच. आपल्याला कुठे बोलता येतं? पण हळूहळू बघणारी माणसं वाढली. मग एका नव्या प्रसाधनांच्या दुकानाने नवीला रविवारी उद्घाटनाला बोलावलं, लोकांसमोर युक्त्या करून दाखवायला. त्यांना आवडलं तर दर रविवारी. नवीने ती बातमी घरभर नाचून सांगितली. थोरली म्हणाली, "बरं झालं हो," आणि भांडी जरा जास्तच जोरात घासली.

त्याच आठवड्यात बुधवारी लाँड्रीत इस्त्रीवालीने तिच्या नाकासमोर फोन धरला. "हे बघ. ही बाई काय हुशार आहे गं. साध्या चमच्याने बघ कशी रेघ मारते."

थोरलीने बघितलं. चमचा तिचा होता, दांड्याला चीर पडलेला. चमचा धरलेली बोटं तिची होती, नखांच्या कडा साबणाने पांढुरक्या झालेली.

"आहे खरी हुशार," ती म्हणाली, आणि हात टेबलाखाली घेतले.

त्या संध्याकाळी नवी स्वयंपाकघरात तिच्या मागे मागे फिरत होती. "ताई, रविवारच्या आधी काहीतरी नवीन टाकायला हवं. चमचे झाले, बीट झालं. असं काहीतरी सांगा की लोकांनी म्हणावं, अगोबाई, हे आपल्याला कसं सुचलं नाही."

थोरलीने फळीवरून लिंबू उचललं. "ओठांवरची लव फिकी करायची का?"

"होते?"

"होते. लिंबाचा रस, त्यात थोडा मध. कापसाने लावायचं, वीस मिनिटं ठेवायचं, धुऊन टाकायचं."

"एवढंच?"

"एवढंच," थोरली म्हणाली.

ते एवढंच नव्हतं. पुढे आणखी एक वाक्य होतं, आणि थोरलीइतकं ते कुणाच्याच अंगावर लिहिलेलं नव्हतं. लाँड्रीत नुकतीच कामाला लागली असताना एका टेबलक्लॉथवरचा गंज काढायला तिने लिंबं पिळली होती आणि ते कापड मागच्या अंगणात उन्हात धरून बसली होती. डाग गेला. दुसऱ्या दिवशी तिच्या मनगटांची आग व्हायला लागली, फोड आले, आणि रस जिथे जिथे ओघळला होता तिथे तिथे तपकिरी ओघळ उठले, जणू कुणी चहा सांडून तसाच वाळू दिला. ते जायला कितीतरी महिने लागले. लाँड्रीतले सगळे डाग काढणारी बाई लांब बाह्या घालून हिंडत होती. तेव्हापासून तिला पक्कं ठाऊक होतं, की लिंबू कातडीला लावून उन्हात जायचं नाही.

आणि नवी व्हिडिओ कुठे करते हेही तिला ठाऊक होतं. घर तळमजल्यावर, खोल्यांत दिवसासुद्धा दिवा लावावा लागे. भर दुपारी, थोरली जेवायला घरी आली की, नवी गच्चीवर जायची, पाण्याच्या टाकीजवळ स्टूल मांडून, तोंड उन्हाकडे करून. "उन्हात कातडी कशी चमकते बघा," ती म्हणायची.

गुरुवारी यंत्र बिघडल्यामुळे लाँड्री बंद होती. थोरली जिन्याजवळच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. नवी वाटी, आरसा आणि फोन टेकवायला पालथी चाळणी असा सगळा संसार घेऊन जिना चढताना थबकली.

"वर काय सुंदर ऊन आहे, ताई. येता? हात नाही लागणार आज, माझं मीच लावते."

"तू हो पुढे."

वाक्य जिभेवर आलं होतं. अगदी पुढच्या दातांपर्यंत. पण त्याच्या मागोमाग दुसरंही एक आलं: आज हातसुद्धा नको झाले हिला. थोरलीने चादरीचं टोक दातांत धरलं, घडी घालताना धरायची तसं, आणि दोन्ही वाक्यं चादरीमागे राहिली. चपला फटफटत वर गेल्या. फार काही होणार नाही, तिने मनाला सांगितलं. जरा लाल होईल. जरा फजिती झाली तर झाली. त्या दुपारी तिने चादरींच्या इतक्या नेटक्या घड्या घातल्या की सासूबाईंनी विचारलं, कुणी पाहुणे येणार आहेत का.

शुक्रवारी ती लाँड्रीत पोचते न पोचते तोच इस्त्रीवाली धावत आली. "अगं, सांगितलं नाहीस ते. ही तुझी जाऊ? आणि ते हात तुझे?"

"कोण म्हणतं?"

"तीच म्हणते. ऐक."

फोनमध्ये नवी गच्चीवर बसली होती, तोंडाला लिंबू चोपडलेली, डोळे उन्हाने बारीक झालेले. ती म्हणत होती: "रविवारी एका दुकानात आपण भेटणार आहोत, म्हणून आधी एक सांगून टाकते. आजची युक्ती माझ्या मोठ्या जाऊबाईंची आहे. आजवरच्या सगळ्याच त्यांच्या. ज्यांचे हात तुम्ही नेहमी बघता ना, त्याच त्या. रविवारी त्यांनाही ओढून आणणार आहे, त्यांना अजून माहीत नाही."

मालक आतून म्हणाले, "आता बाई आमच्या डागांकडे बघतात की नाही कुणास ठाऊक." सगळे हसले. थोरलीला वाटलं, आपणही हसावं. तोंड तसं हललं असावं, कारण इस्त्रीवाली म्हणाली, "लाजतेस काय." दिवसभर थोरलीने डागांवर काय ओतलं ते तिचं तिला कळलं नाही. एका रेशमी रुमालाचा रंग गेला.

घरी आली तेव्हा नवी आरशासमोर उभी होती. वरच्या ओठावर, नाकाच्या दोन्ही बाजूंना, आणि एका गालावरून हनुवटीकडे ओघळ गेला होता तिथे, कातडी लालभडक झाली होती.

"चुरचुरतंय हो, ताई. कशाने झालं असेल?"

थोरलीने तिला खुर्चीवर बसवलं. गार पाण्यात मऊ फडकं भिजवून, पिळून, तोंडावर ठेवलं. फडकं गरम झालं की बदललं, परत ठेवलं. नवी डोळे मिटून बसली होती, लहान पोरीसारखी मान मागे टाकून.

"तुमचा हात किती हलका आहे," ती फडक्याखालून म्हणाली. "व्हिडिओ बघितलात?"

"बघितला."

"रागावलात? न विचारता सांगून टाकलं."

"नाही गं," थोरली म्हणाली. त्या क्षणी तिला कुणी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शनिवारी सकाळी लालीच्या जागी तपकिरी पट्टे उमटले होते आणि ओठाच्या कोपऱ्यात बारीक फोड. दुरून बघणाऱ्याला नवीला मिशा फुटल्यात असं वाटावं. सासूबाई चष्मा लावून जवळ आल्या, तोंड इकडून तिकडून वळवून बघितलं, आणि थोरलीकडे वळल्या.

"थोरले, तुझ्या हातांना झालं होतं ना, तसंच दिसतंय गं हे."

"ते वेगळं होतं," थोरली म्हणाली. इतक्या पटकन, की सासूबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. चष्मा पुसला आणि टीव्ही लावायला गेल्या. त्यांचं न बोलणं जेवण होईपर्यंत थोरलीच्या मागे मागे फिरत राहिलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात नवी फोन घेऊन बसली होती. थोरली कांदा चिरत होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याला कारण होतं.

"माझा हिशेब लागला, ताई," नवी म्हणाली. "त्या दुकानवाल्या बाईंनी मला क्रीमची छोटी बाटली दिली होती वापरून बघायला. बुधवारी रात्री लावलं होतं. तेच असणार. आता लिहिते त्यांना, की तुमच्या क्रीमने माझं तोंड भाजलं. वर व्हिडिओ पण टाकते. लोकांना कळायला नको?"

सुरी थांबली. "लगेच नको लिहू."

"का नको? उद्या तिथे कोणत्या तोंडाने उभी राहू मी? हे बघा, इकडे बायका लिंबाची वाहवा करतायत आणि मी इथे माकड होऊन बसलेय. ही बघा एक बाई, लिहितेय: माझ्या मुलीला ओठांवर लव आहे, वर्गात चिडवतात. उद्या पोहण्याच्या स्पर्धेला जायच्या आधी लावते. बिचारी. बरं वाटेल त्या पोरीला."

पोहायची स्पर्धा. म्हणजे उघड्यावर, पाण्याकाठी, दिवसभर. थोरलीच्या डोळ्यांसमोर पोरगी आली नाही, नुसता तिचा वरचा ओठ आला. तिने सुरी खाली ठेवली.

"नवे, क्रीम नाही ते. लिंबू आहे. लिंबू लावून उन्हात बसलं की असं होतं. आधी त्या बाईला लिही, लावू नको म्हणावं. आत्ता लिही."

नवीने लिहिलं. बोटं भराभर चालली. मग फोन टेबलावर ठेवून तिने मान वर केली.

"तुम्हाला आत्ता लक्षात आलं हे?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. सासूबाईंनी आठवण करून दिली, मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, असं म्हटलं असतं तर नवीने विश्वास ठेवला असता. तिला विश्वास ठेवायची सवयच होती. तोंड उघडेपर्यंत थोरलीलाही माहीत नव्हतं ती काय म्हणणार आहे.

"नाही. आधीपासून ठाऊक होतं."

"बुधवारी?"

"बुधवारी पण."

"आणि मी गच्चीवर जाते ते?"

"ते तर रोजच बघते."

बाहेरच्या खोलीतला टीव्ही हळू झाला. सासूबाईंना कमी ऐकू येतं असं घरातले सगळे समजत.

"का?" नवीने विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर थोरलीला सोपं गेलं असतं.

"इस्त्रीवालीने तुझा व्हिडिओ दाखवला. म्हणाली, काय हुशार बाई आहे."

"मग?"

"हात माझे होते."

नवीने फोन बाजूला सारला. "मला बोलायचं होतंत. भांडायचं होतंत. ताट आपटायचं होतंत."

"मला भांडता येत नाही."

"म्हणून लिंबू?"

"म्हणून लिंबू."

नवीच्या तोंडावर हसू येतंय की काय असं वाटलं. पण ओठ ताणला की तिला दुखत होतं, त्यामुळे ते तिथेच अडलं. की ते आलंच नव्हतं, हे थोरलीला पुढेही कधी कळलं नाही.

"उद्याचं मी झाकून देते," थोरली घाईघाईने म्हणाली. "क्रीममध्ये जराशी कोको पावडर घालून तुझ्या रंगाचं करते. वरून मक्याचं पीठ. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"माझ्या तोंडाला आता हात लावू नका, ताई."

ती साधेपणाने बोलली, दार लावून घे म्हणावं तसं. मग तिने दुकानवाल्या बाईंना फोन केला, तोंडाला काहीतरी झालंय, उद्या यायला जमणार नाही म्हणाली. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. नवी म्हणाली, "हो, समजू शकते. दुसरं कुणी बघा तुम्ही." आणि दर रविवारचं जे काही होतं, ते तेवढ्यात संपलं. क्रीमबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

थोरली चिरलेला कांदा पुन्हा चिरत उभी होती.

"बसा इथे," नवी म्हणाली.

"कुठे?"

"दिव्याखाली. त्या पोरीच्या आईने वाचलंय, पण बाकीच्यांनी लावलं तर? मी तोंड दाखवते माझं, पण सांगा तुम्ही. युक्ती तुमची आहे ना." तिने चाळणी पालथी घातली, फोन टेकवला. थोरलीने सवयीने हात पुढे करून टेबलावर ठेवले आणि मान मागे घेतली.

"हात नको. चेहरा."

"जरा पावडर तरी लावू दे."

"नाही. असंच."

फोनच्या काचेत थोरलीला स्वतःचं तोंड दिसलं. कांद्याने लाल झालेले डोळे, भुवईत अडकलेला कसलासा दोरा, दिवसभराचा थकवा. हजार युक्त्या ठाऊक असलेली ती बाई त्या काचेत एकाही युक्तीविना बसली होती. आधी नवीने आपलं तोंड जवळ आणून पट्टे दाखवले, मग बाजूला झाली.

"लिंबू तोंडाला लावू नका," थोरली म्हणाली. आवाज लाँड्रीतल्या यंत्रासारखा खरखरला. "लावलं असेल तर साबणाने धुऊन टाका, आणि दोन दिवस उन्हात जाऊ नका. नाहीतर भाजतं, डाग पडतात, ते महिनोन्महिने जात नाहीत. ही युक्ती मी सांगितली होती. पुढचं सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं, तरी नाही सांगितलं. चूक माझी आहे. तिची नाही. बाकीच्या युक्त्या चालतात. चमच्याच्या वगैरे. त्या चालतात."

नवीने फोन उचलला आणि आपल्या खोलीत गेली. कपाटाचं दार करकरलं.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाली नव्हती, लाँड्री नव्हती, दुकानाचं उद्घाटन कुठेतरी दुसऱ्याच कुणाबरोबर चाललं होतं. नवी खोलीतून बाहेर आली ती थेट फ्रीजकडे गेली, चमचे काढले, तोंडावर ठेवले, पुन्हा आत गेली. सासूबाईंनी थोरलीच्या हातात स्वतःचा फोन दिला. "लाव गं मला ते. तुझं काहीतरी आलंय म्हणे."

थोरलीने लावलं. तिचं तोंड आलं, कांद्याचे डोळे, भुवईतला दोरा. लिंबू लावू नका. साबणाने धुऊन टाका. ही युक्ती मी सांगितली होती. पुढचं सांगितलं नव्हतं. आणि लगेच: बाकीच्या युक्त्या चालतात.

तिने पुन्हा लावलं. मधलं नव्हतं.

ती नवीच्या दाराशी गेली. नवी आडवी पडली होती, चमचे ओठांवर.

"ते का कापलंस?"

"काय?" चमच्यांखालून.

"मला माहीत होतं, तरी नाही सांगितलं. ते."

नवीने चमचे काढले. पट्टे कालच्यापेक्षा गडद झाले होते. "त्याचा लोकांना काय उपयोग? त्यांना लिंबाचं कळलं, बास झालं. ते आपल्या दोघींतलं आहे. इथेच राहू दे."

थोरली दारातच उभी राहिली.

"माफ केलं म्हणून नाही कापलं," नवी म्हणाली, आणि चमचे तिच्यापुढे धरले. "हे कोमट झाले. दुसरे द्या."

थोरलीने दुसरे आणून दिले. हातात दिले, तोंडाला हात लावला नाही.

पट्टे जायला नवीला पुढचे कितीतरी महिने लागले. त्या काळात ती पुन्हा व्हिडिओ करायला लागली, खोलीत, दिव्याखाली, आणि थोरलीला शेजारी बसवून, तोंडासकट. इस्त्रीवाली लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येकाला फोन दाखवायची. त्यातला लिंबाचा व्हिडिओ लोकांनी सगळ्यांत जास्त बघितला होता. किती प्रामाणिक बाई आहे, असं कुणीकुणी खाली लिहिलं होतं. थोरली कधीमधी तो एकटीच लावून बघायची. जिथे ते वाक्य कापलं होतं, तिथे तिची मान अगदी किंचित झटका बसल्यासारखी हलायची. माहीत नसलेल्याला ते दिसलंही नसतं. तिला मात्र त्या अख्ख्या व्हिडिओत तेवढंच दिसायचं.